स्लॅब पडला म्हणजे घर झालं? स्वतःचा बंगला बांधताना पैसा आणि वेळ नेमका कुठे जातो

स्लॅबच्या दिवशी साइटवर वेगळीच गडबड असते. मिक्सरचा आवाज, घमेल्यांची रांग, संध्याकाळी मजुरांना जेवण आणि जिलेबी, घरच्यांच्या स्टेटसवर फोटो. दुसऱ्या दिवसापासून नातेवाईकांचा एकच प्रश्न सुरू होतो, "मग, वास्तुशांत कधी?"

बहुतेक कुटुंबांचा हिशेब इथेच फसतो. स्लॅब पडला की घर 'दिसायला' लागतं, पण राहण्यालायक व्हायला अजून बराच पल्ला असतो. बांधकाम क्षेत्रातला जुना ठोकताळा असा आहे की आरसीसी सांगाडा आणि भिंती उभ्या राहीपर्यंत निम्म्याच्या आसपास पैसे खर्च झालेले असतात. उरलेले निम्मे प्लास्टर, फरशी, वायरिंग, नळकाम, खिडक्या, रंग आणि फर्निचर यांत जातात. सांगाड्याचा खर्च बऱ्यापैकी आधी सांगता येतो. दुसऱ्या निम्म्याचा अंदाज घेताना मात्र 'ते नंतर बघू' असं म्हटलेलं असतं.

आपण एक उदाहरण धरून चालू. समजा, आई-वडील, दोन मुलं आणि आजी असं पाच जणांचं कुटुंब आहे. सध्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतं. शहराच्या कडेला ३० बाय ५० फुटांचा प्लॉट घेतलाय, म्हणजे १५०० चौरस फूट, साधारण १३९ चौरस मीटर. तळमजला आणि वर एक मजला असं २००० चौरस फुटांचं 'मॉडर्न' घर बांधायचंय. या कुटुंबाचा पैसा कुठे कुठे जाईल आणि कुठे अडकेल, ते पाहू.

पहिली वीट रचण्याआधी

प्लॉट नावावर आहे आणि प्लॉटवर बांधता येतं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सातबारा किंवा मिळकत पत्रिकेवर नाव लागलं म्हणजे मालकी दिसली. बांधण्यासाठी जमीन अकृषिक, म्हणजे आपल्या बोलीत 'एनए' आहे का, लेआउट मंजूर आहे का, रस्ता कागदावर आहे का, हे वेगळं तपासावं लागतं. गुंठ्यावर घेतलेल्या जमिनीत इथेच गाडी अडते. बँकही घराच्या डिझाइनआधी हेच कागद मागते.

त्यासोबत भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्या. शेजाऱ्याचं कंपाउंड दोन फूट आत आलेलं असेल, तर ते पाया खोदायच्या आधी कळलेलं बरं.

परवानगीचं प्रकरण लोकांना वाटतं तितकं अवघड राहिलेलं नाही. मुंबई आणि काही मोजके भाग सोडले तर राज्यात डिसेंबर २०२० पासून एकात्मिक विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. १५० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटवर परवानाधारक आर्किटेक्ट किंवा इंजिनिअरने नियमानुसार नकाशा दाखल करायचा आणि शुल्क भरायचं, त्याची पावती हीच परवानगी मानली जाते. आपल्या उदाहरणातलं १३९ चौरस मीटरचं कुटुंब यात बसतं. १५० ते ३०० चौरस मीटरच्या प्लॉटसाठीही मुदतीत परवानगीची सोय आहे. गावांसाठी २०२१ मध्ये राज्य सरकारने असाच दिलासा दिला. ३२०० चौरस फुटांपर्यंतच्या प्लॉटसाठी नगररचना विभागाकडे जावं लागत नाही, ग्रामपंचायतीच्या पातळीवर काम होतं.

पण पावती हीच परवानगी, याचा अर्थ नियम संपले असा होत नाही. समोर-मागे-बाजूला किती जागा सोडायची, किती एफएसआय वापरायचा, हे सगळं तसंच आहे. फक्त तपासणीची जबाबदारी बरीचशी तुमच्या आर्किटेक्टच्या सहीवर आलीय. म्हणून ती सही कुणाची आहे, हे बघा. आर्किटेक्ट्स अॅक्ट १९७२ नुसार कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी असलेल्या व्यक्तीलाच स्वतःला 'आर्किटेक्ट' म्हणवता येतं, आणि ही नोंदणी ऑनलाइन तपासता येते.

आणि हो, आर्किटेक्ट आणि स्ट्रक्चरल इंजिनिअर ही दोन वेगळी माणसं असतात. एक घर कसं राहायचं ते ठरवतो, दुसरा ते उभं कसं राहील ते. कॉलममध्ये किती सळया लागतील हे ठेकेदाराने 'अनुभवाने' ठरवू नये. एकूण खर्चाच्या मानाने इंजिनिअरची फी किरकोळ असते, तरी पैसे वाचवायची पहिली कात्री तिथेच चालते.

दोनशे रुपये स्वस्त, पण खरंच?

आता ठेकेदार. समजा आपल्या कुटुंबाला दोन जणांनी मटेरियलसह दर दिले. एकाने चौरस फुटाला २१०० रुपये, दुसऱ्याने १९००. २००० चौरस फुटांवर ४ लाखांचा फरक. कोणीही दुसऱ्याकडे जाईल.

पण प्रश्न असा आहे की हे चौरस फूट मोजले कसे? जिना, बाल्कनी, पोर्च, गच्चीवरची खोली हे सगळं पूर्ण धरलं, तर मोजमाप सहज २०० चौरस फुटांनी वाढू शकतं. २०० गुणिले १९०० म्हणजे ३ लाख ८० हजार. चार लाखांची बचत जवळपास तिथेच संपली.

मग पुढचा प्रश्न, दरात काय धरलेलं नाही? कंपाउंड, गेट, जमिनीखालची पाण्याची टाकी, सेप्टिक टँक, बोअर, मोटर, किचनचं फर्निचर, पुढच्या बाजूचं एलिव्हेशन, जिन्याचं रेलिंग. यातलं बरंच 'एक्स्ट्रा'मध्ये जातं. 'एक्स्ट्रा' हा बांधकामातला सगळ्यात महाग शब्द आहे, कारण त्याचा भाव काम सुरू झाल्यावर ठरतो आणि तेव्हा तुम्ही ठेकेदार बदलू शकत नसता.

म्हणून करार लेखी हवा आणि त्यात ब्रँडसकट यादी हवी. 'चांगल्या प्रतीची फरशी' असं लिहून काही उपयोग नाही. 'दोन बाय चारची व्हिट्रिफाइड फरशी, चौरस फुटाला इतक्या रुपयांपर्यंत' असं लिहायचं. पैसे टप्प्याने द्यायचे आणि टप्पा पूर्ण झाल्यावर द्यायचे. जोता, स्लॅब, वीटकाम, प्लास्टर अशी वाटणी करा. शेवटचे पाच-दहा टक्के राखून ठेवायची अट सुरुवातीलाच घाला. जुनं कोटेशन वापरत असाल तर एक तपासा: २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय. दरात तो उतरलाय का?

इथे एक गैरसमज दूर करू. 'महारेरा आहे ना' असं अनेकांना वाटतं. महारेराचा कायदा बिल्डरकडून घर विकत घेणाऱ्यांसाठी आहे. स्वतःच्या प्लॉटवर ठेकेदाराकडून बांधून घेताना तो कामाला येत नाही. मात्र ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये 'सेवे'च्या व्याख्येत घरबांधणी स्पष्टपणे आहे. म्हणजे काम सदोष झालं तर ग्राहक आयोगाचा रस्ता मोकळा आहे. पण तिथे तुमच्या हातात काय असेल? करार, बँकेतून दिलेल्या पैशांच्या नोंदी आणि फोटो. रोखीने आणि विश्वासावर केलेल्या व्यवहाराचं तिथे फारसं काही होत नाही.

भाडं एका हाताने, व्याज दुसऱ्या हाताने

घर बांधणाऱ्या कुटुंबाची खरी घुसमट हप्त्यांमध्ये असते. बांधकामाचं कर्ज एकरकमी मिळत नाही. बँकेचा माणूस साइटवर येतो, टप्पा बघतो, मग पैसे सुटतात. तोवर दिलेल्या रकमेवर व्याज सुरू झालेलं असतं आणि इकडे फ्लॅटचं भाडंही चालूच असतं. काम जितकं लांबेल तितके महिने दोन्ही भरायचे. सहा महिने उशीर झाला तर किती पैसे जास्त जातील, हे आकडे सुरुवातीलाच मांडून बघा.

बँक पूर्ण पैसे देत नाही, हेही लक्षात ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के, ३० ते ७५ लाखांच्या कर्जात ८० टक्के आणि त्यापुढे ७५ टक्के रक्कम मिळू शकते. आणि बँकेच्या मूल्यांकनात तुमचं मॉड्युलर किचन, पडदे, सोफा सहसा नसतात. ते पैसे खिशातून.

जुन्या करप्रणालीत असाल तर उशिराचा आणखी एक फटका आहे. ज्या आर्थिक वर्षात कर्ज घेतलं, ते संपल्यापासून ५ वर्षांत बांधकाम पूर्ण झालं, तरच राहत्या घराच्या व्याजावर वर्षाला २ लाखांपर्यंत वजावट मिळते. नाहीतर ती ३० हजारांवर येते.

काळी माती आणि पायाचं गणित

विदर्भ, मराठवाडा, सोलापूर आणि दख्खनच्या मोठ्या भागात काळी माती आहे. कापसाला उत्तम, घराला त्रासदायक. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिला भेगा पडतात. तिच्यावर उथळ पाया ठेवला तर घर दरवर्षी थोडं वर-खाली होतं आणि भिंतींवर तिरक्या भेगा दिसायला लागतात. म्हणून पाया मुरूम किंवा खडक लागेपर्यंत खाली न्यावा लागतो, किंवा इंजिनिअर वेगळ्या प्रकारचा पाया सुचवतो. कोकणात जांभ्याची जमीन असते, तिथलं गणित वेगळं. शेजाऱ्याचा पाया किती खोल आहे, यावरून आपला ठरवू नका. पन्नास फुटांवर जमीन बदललेली असू शकते, आणि माती परीक्षण हा एकूण बजेटमधला अगदी लहान खर्च आहे.

काम सुरू करायच्या आधी महावितरणकडून बांधकामासाठी तात्पुरतं कनेक्शन घ्या. शेजारच्या घरातून किंवा शेतीच्या कनेक्शनवरून वायर ओढून बांधकाम करणं विजेचा अनधिकृत वापर ठरू शकतं आणि त्याचं बिल चांगलंच झोंबतं.

सिमेंटच्या गोणीत किती पाणी?

घराचं आयुष्य ठरवणारी वस्तू कुठली, असं विचारलं तर लोक सिमेंट किंवा स्टील म्हणतात. माझ्या मते ती वस्तू पाणी आहे. योग्य वेळी कमी पाणी, योग्य वेळी भरपूर पाणी, आणि नंतर कायमचं पाणी बाहेर.

काँक्रीट कालवताना पाणी कमी हवं. आयएस ४५६ या भारतीय मानकात एम २० या साध्या प्रतीच्या काँक्रीटसाठी ५० किलोच्या सिमेंटच्या गोणीमागे जास्तीत जास्त ३० लिटर पाणी सांगितलंय. साइटवर काय होतं? काँक्रीट सहज पसरावं म्हणून बादलीवर बादली ओतली जाते. काम सोपं होतं, पण जास्तीचं पाणी उडून गेल्यावर मागे बारीक पोकळ्या राहतात. त्यातूनच पुढे ओल आत शिरते, सळईला गंज लागतो, गंजलेली सळई फुगते आणि दहा-पंधरा वर्षांनी छताचे पोपडे पडतात. जुन्या इमारतींमध्ये पंख्याजवळ उघडी पडलेली लाल सळई पाहिलीय ना? तिची सुरुवात बऱ्याचदा स्लॅबच्याच दिवशी झालेली असते.

सळई आणि शटरिंगमध्ये अंतर ठेवायला कव्हर ब्लॉक लावतात. दिसायला सुपारीएवढी वस्तू. स्लॅबमध्ये साधारण २० मिलिमीटर, कॉलममध्ये ४० मिलिमीटर आणि पायात ५० मिलिमीटर कव्हर लागतं. स्लॅब टाकायच्या आदल्या संध्याकाळी मोबाइलचा टॉर्च लावून सळईखाली बघा. सळई थेट प्लायवर टेकली असेल तर काम थांबवा.

भूकंपाचंही इथेच बोलून घेऊ. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा आणि ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप महाराष्ट्राने पाहिलाय. किल्लारीत दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरच्या मातीच्या जड छतांनी माणसं गाडली गेली. आरसीसी घर त्याहून सुरक्षित असतं, पण सळयांची बांधणी नीट असेल तरच. कॉलमभोवतीच्या रिंगांची टोकं काटकोनात न वळवता १३५ अंशांत, म्हणजे पार आतल्या बाजूला वळवलेली हवीत. भूकंपात काँक्रीट सुटायला लागलं की काटकोनातली रिंग उघडते. या वळणाला एक रुपयाही जास्त लागत नाही, फक्त सळई बांधणाऱ्याला सांगावं लागतं.

स्टीलचं वजनही तपासता येतं. सळईचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा आणि १६२ ने भागा. एका मीटरचं वजन किलोत मिळतं. १२ एमएमची सळई म्हणजे १४४ भागिले १६२, साधारण ०.८९ किलो. १२ मीटरची अख्खी सळई १० किलो ६५० ग्रॅमच्या आसपास भरायला हवी. थोडा फरक चालतो, एक किलोचा नाही.

स्लॅब पडल्यावर मात्र पाण्यात कंजुषी नको. आयएस ४५६ नुसार साध्या ओपीसी सिमेंटच्या काँक्रीटला किमान ७ दिवस ओलं ठेवायचं. बाजारात सर्रास मिळणाऱ्या पीपीसी सिमेंटला किंवा कडक उन्हाळ्यात किमान १० दिवस, आणि शक्यतो १४. स्लॅबवर कडा करून पाणी साठवलं तर सगळ्यात बरं. कॉलमला ओलं गोणपाट गुंडाळायचं. सकाळी एकदा पाईपने फवारा मारून 'पाणी मारलं' म्हणणं म्हणजे क्युरिंग नव्हे. त्यात पाण्याचा टँकर मागवायचे दिवस असतील तर हात आखडतोच, त्यामुळे टँकरचे पैसे बजेटमध्ये आधीच धरा.

खालचे टेकू कधी काढायचे, यावरही नेहमी घाई होते, कारण सेंट्रिंगवाल्याला प्लेटा पुढच्या साइटवर न्यायच्या असतात. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबखालचे टेकू किमान ७ दिवस, त्याहून मोठ्या स्लॅबखालचे १४ दिवस, आणि सहा मीटरपेक्षा लांब बीमखालचे २१ दिवस ठेवायचे, असं हेच मानक सांगतं. पीपीसी सिमेंट असेल तर इंजिनिअर यात वाढ सुचवतो. आजच्या मॉडर्न घरांत हॉल मोठा आणि मध्ये कॉलम नको, अशी मागणी असते. म्हणजे बीम लांब होतात. तिथे जास्त थांबा.

आता खरी परीक्षा: फिनिशिंग

सांगाडा उभा असताना एक ठेकेदार आणि त्याची टोळी असते. फिनिशिंगला आठ-दहा वेगवेगळे कारागीर येतात: वायरमन, प्लंबर, फरशीवाला, पीओपीवाला, सुतार, अॅल्युमिनियम खिडक्यांवाला, फॅब्रिकेटर, रंगारी. प्रत्येक जण आधीच्याचं काम थोडंसं फोडतो आणि नंतरच्यावर जबाबदारी टाकतो. काम रखडतं ते इथे. कुठलं काम कशानंतर, हे ठरवणारा एक माणूस हवा. तो नसेल तर ते काम घरातल्या कुणाला तरी नोकरी सांभाळून करावं लागतं.

छतातले विजेचे पाईप स्लॅब टाकायच्या आधीच बसतात. म्हणजे पंखा कुठे, दिवा कुठे, हे त्याआधी ठरलेलं हवं. भिंतीतले पाईप प्लास्टरच्या आधी. पण बेड कुठे येणार, टीव्ही कुठल्या भिंतीवर, फ्रीजचा दरवाजा कुठल्या बाजूला उघडणार, हे ठरलेलं नसतं, म्हणून स्विचबोर्ड पुढे कपाटामागे जातो. फर्निचरचा नकाशा आधी आणि वायरिंगचा नंतर, हा क्रम उलटा झाला की रंग दिलेली भिंत पुन्हा फोडावी लागते.

गिझर, एसी आणि इंडक्शनला स्वतंत्र आणि जाड वायर हवी. अर्थिंग खरंच जमिनीत नीट केलंय का, ते मोजून घ्या. मुख्य बोर्डमध्ये ३० मिलिअँपियरचं आरसीसीबी बसवा. शॉक बसत असताना वीज क्षणात तोडणारं हे यंत्र आहे. साधं एमसीबी वायरिंग वाचवतं, माणूस वाचवण्याचं काम आरसीसीबीचं. सोलर आत्ता लावायचं नसलं तरी गच्चीपासून मीटरपर्यंत एक रिकामा पाईप टाकून ठेवा. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या घरगुती यंत्रणेला ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान आहे, त्यामुळे आज ना उद्या तुम्ही ते लावणार.

बाथरूम हे सगळ्यात नाजूक प्रकरण. क्रम असा: पाईप जोडले, तोंडं बंद करून दाब देऊन तपासले, मग वॉटरप्रूफिंग केलं, मग बाथरूमच्या तळाशी पाणी साठवून निदान २४ ते ४८ तास ठेवलं, खालच्या मजल्यावर जाऊन छत बघितलं, आणि मगच फरशी. साठवलेल्या पाण्याची ही चाचणी फुकट आहे. तरीही ती टाळली जाते, कारण तिच्यासाठी दोन दिवस काम थांबतं. नंतर गळती निघाली तर फरशी, वॉटरप्रूफिंग, खालच्या खोलीचा रंग आणि पीओपी, सगळं परत करावं लागतं.

गच्चीचंही तेच. महाराष्ट्रात अजूनही विटांचे तुकडे घालून केलेला कोबा चालतो आणि नीट केला तर टिकतो. पण त्याला पाईपच्या दिशेने उतार हवा, आणि गच्ची जिथे पॅरापेटला भेटते त्या कोपऱ्यात गोलाई हवी. गळती बहुतेक वेळा कोपऱ्यातून आणि पाईपच्या तोंडापाशी सुरू होते. आपल्याकडे निम्म्या गावांत स्लॅबवर पत्र्याची शेड का दिसते? कपडे वाळवायला, हे एक उत्तर. दुसरं गळतीमुळे, आणि ते कुणी सांगत नाही.

भिंती एएसी ब्लॉकच्या असतील, म्हणजे त्या हलक्या पांढरट ब्लॉकच्या, तर काँक्रीटचा कॉलम आणि ब्लॉक यांच्या सांध्यावर प्लास्टरआधी जाळी लावून घ्या. दोन्हींचं आकसणं-प्रसरण वेगळं असतं. जाळी नसेल तर पहिल्या वर्षीच सांध्यावर सरळ उभी भेग दिसते.

फरशी घेताना पाच ते दहा टक्के जास्त घ्या आणि खोक्यावरचा बॅच आणि शेड नंबर एकच आहे का ते बघा. नंतर दोन खोके कमी पडले तर तोच रंग मिळेल याची खात्री नसते. काही फरश्या माळ्यावर जपून ठेवा, दहा वर्षांनी प्लंबर तुमचे आभार मानेल.

आणि रंग. नवीन प्लास्टरला वाळायला साधारण चार आठवडे द्यावे लागतात. पण तोवर वास्तुशांतीची पत्रिका छापून झालेली असते. दसरा किंवा अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त असतो, मामा-काकांची तिकिटं काढलेली असतात. मग ओल्या भिंतीवर पुट्टी, त्यावर घाईत रंग, आणि पुढच्या पावसाळ्यात पोपडे. एक साधा उपाय माझ्या पाहण्यात आलाय. काही कुटुंबं वास्तुशांत प्रायमरवरच उरकतात आणि शेवटचा हात नंतर देतात. पाहुण्यांना फारसा फरक कळत नाही.

प्लास्टर व्हायच्या आधी प्रत्येक भिंतीचा, प्रत्येक बाथरूमच्या तळाचा फोटो काढा, शेजारी मोजपट्टी धरून. पुढे खिळा ठोकताना पाईप कुठून गेलाय, हे सांगणारं दुसरं काहीच नसतं.

रीलमधलं घर आणि आपलं ऊन

इन्स्टाग्रामवर दिसणारं 'मॉडर्न' घर साधारण सारखं असतं. सपाट पांढरा चौकोन, मोठी काच, छज्जा नाही, दोन मजली उंच हॉल. त्यातली बरीच घरं थंड किंवा कोरड्या देशांतली असतात. आपल्याकडे पश्चिमेला मोठी काच लावली की एप्रिलमध्ये दुपारी तीननंतर त्या खोलीत बसता येत नाही, आणि एसीचं बिल कायमचं मागे लागतं. छज्जा नसला की जुलैमधला तिरका पाऊस थेट खिडकीच्या फटीवर येतो.

मोठी काच हवीच असेल तर ती उत्तरेला घ्या. पश्चिमेला जिना, बाथरूम, स्टोअर ठेवा. छज्जा दिसायला नको असेल तर खिडकी भिंतीच्या आत खोल बसवा, किंवा बाहेर जाळीदार भिंत घ्या. छज्जाच्या खालच्या कडेला बारीक खाच ठेवायला सांगा, म्हणजे पाणी तिथेच तुटून पडतं, भिंतीवर ओघळत नाही. जुन्या वाड्यांत मधला चौक, ओसरी आणि जाड भिंती होत्या, त्या हवेसाठी आणि सावलीसाठी. ३० बाय ५० च्या प्लॉटवर चौक परवडत नाही. पण जिन्याच्या वरच्या टोकाला उघडणारी खिडकी ठेवली, तर गरम हवा वर निघून जाते. चौकाचं निम्मं काम तेवढ्यात होतं.

आजीची खोली तळमजल्यावर, तिला लागून बाथरूम, उंबरठा नको आणि दरवाजा वॉकर जाईल एवढा रुंद. हे नकाशावर फुकट होतं, नंतर करायला लाखभर जातात.

पाण्याचा एक हिशेब. हजार चौरस फुटांची गच्ची म्हणजे ९३ चौरस मीटर. वर्षाला ७०० मिलिमीटर पाऊस धरला तर त्या गच्चीवर सुमारे ६५ हजार लिटर पाणी पडतं. सगळं हाती लागत नाही, पण गच्चीचे पाईप फिल्टरमधून बोअरकडे वळवायचं काम बांधकाम चालू असताना थोडक्यात होतं.

शेवटचा कागद

घर पूर्ण झाल्यावर भोगवटा प्रमाणपत्र घ्यायचं असतं. राहायला गेल्यावर अनेक जण हे विसरतात. जोत्याच्या टप्प्यावरची तपासणी, बांधकाम पूर्ण झाल्याचा दाखला आणि मग भोगवटा, असा हा क्रम आहे. मध्येच हौस म्हणून बाल्कनी वाढवली, बाजूच्या मोकळ्या जागेत खोली काढली, तर तो इथे अडतो. घर विकताना किंवा त्यावर कर्ज घेताना हा कागद मागितला जातो. महापालिका हद्दीत अनधिकृत ठरलेल्या बांधकामावर जादा कराची टांगती तलवारही असते. पिंपरी-चिंचवडमध्ये 'शास्तीकर' हा शब्द कित्येक वर्षं निवडणुकांचा मुद्दा होता, तो यातूनच.

ठेकेदाराचे राखून ठेवलेले पाच-दहा टक्के पहिला पावसाळा उलटल्यावरच द्यायचे, असं करारात लिहिलं असेल तर जून ते सप्टेंबर घराकडे बारीक लक्ष ठेवा. ओल दिसली की तिच्या कडेने पेन्सिलने रेघ मारा आणि शेजारी तारीख लिहा. आठवड्याने पुन्हा बघा. रेघेबाहेर गेली असेल तर फोटो काढून ठेकेदाराला लेखी कळवा, व्हॉट्सअॅपवर कळवलंत तरी चालेल. रंगाखाली गेलेली ती रेघ पुढच्या दिवाळीला पुसता येते.